कोकरे सरांचं अळणी

कोकरे सरांसमोर चहाला 'मस्त' म्हणायची सोय नव्हती. स्टाफरूममध्ये एखाद्या नव्या माणसाने घोट घेऊन "वा, मस्त झालाय" म्हटलं, की सर आपला कप बशीत ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि अगदी काळजीच्या सुरात विचारायचे, "चहाला चढली का?"

समोरचा गोंधळायचा. मग सर त्याला समजावून सांगायचे, की मस्त म्हणजे ज्याला मद चढलाय तो. हत्ती मस्त होतो, पैलवान मस्त होतो, फार तर एखादा सभापती मस्त होतो. चहा कसा होईल? हे सगळं सांगून होईपर्यंत दोघांचेही चहा निवून जायचे. आम्ही जुनी माणसं शहाणी झालो होतो. आम्ही चहा मुकाट्याने प्यायचो.

इंदापूरच्या आमच्या हायस्कुलात ते मराठी शिकवायचे आणि मी विज्ञान. नव्वद सालानंतरची ती वर्षं. बसस्थानकामागे आमच्या दोघांच्या भाड्याच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या, त्यामुळे पलीकडे फोडणी पडली की इकडे मला शिंक यायची. सरांचं नाव बिरदेव, गाव निरवांगी. घराणं मेंढरं राखणारं. वडिलांच्या काळातच मेंढरं विकून शेती धरली होती, पण सरांच्या डोक्यातली मेंढरं काही विकली गेली नव्हती. ती शब्द होऊन चरत होती.

"रणपिसे," ते मला म्हणायचे, "संध्याकाळी मेंढरं तळावर आली की जाळीतली कोकरं सोडत्यात. शंभर कोकरं, शंभर मेंढ्या, नुसता कालवा. पण एक कोकरू आई चुकत न्हाय. आन चुकलंच, तर माझा बाप कान धरून त्याला त्याच्या आईपाशी नेऊन सोडायचा. मी दुसरं काय करतो? शब्दाची आई दाखवतो, बास."

शब्दाची आई हा त्यांचा खास शब्द. बाकीचे लोक व्युत्पत्ती वगैरे म्हणतात. सरांनी एकदा एखादा शब्द कानाला धरला, की त्याला आईपाशी नेऊन सोडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्यातून चवीचे शब्द म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिखटाची आई तीक्ष्ण, म्हणून तिखट म्हणजे धारेचं. लोणचं लवणाचं, म्हणजे मिठाचं लेकरू. पण लोणी मात्र लवणाचं नव्हे, ते नवनीताचं. "दिसाय भाऊभाऊ, पण आया येगळ्या," असं ते डब्यातल्या लोणच्याकडे बोट करून बजावायचे. 'खमंग' या शब्दाची आई त्यांना कधी सापडली नाही. कुणी थालीपीठ आणलं आणि तो शब्द निघाला, की सरांचा चेहरा पडायचा. पोरकं लेकरू दारात उभं राहिल्यासारखं त्यांना व्हायचं.

हे पोरकेपण त्यांना आतून कळत होतं. सर जन्मले त्याच दिवशी त्यांची आई गेली. चुलतीने, म्हणजे नानीने, त्यांना आपल्या लेकराबरोबर अंगावर पाजून वाढवलं. तीच नानी आता म्हातारी होऊन इंदापुरात त्यांच्याजवळ राहत होती. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, तिकडे कऱ्हाटीच्या शाळेवर शिक्षिका. शनिवारी दुपारच्या एसटीने यायच्या आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने परत जायच्या. मधले दिवस सर पूर्णपणे नानीच्या ताब्यात.

एकदाच मी सरांना शब्दाची आई शोधायचं नाकारताना पाहिलं. आमच्याकडे वडील आले होते. आमचं घर बौद्ध. वडिलांना कोकरे सर हा माणूस जरा अर्धवट वाटायचा, आणि ते मत त्यांनी फारसं लपवलं नव्हतं. सर तांब्याभर पाणी प्यायले आणि बोलून गेले, "पाणी चवदार हाय." बोलले आणि थबकले. आता चष्मा वर जाणार म्हणून मी उसासा टाकला. पण सर म्हणाले, "न्हाय. ह्या शब्दाची आई मी काढणार न्हाय. एका तळ्याच्या पाण्यापाशी गेलेल्या मान्सांनी ह्याला वाढवलंय. काही शब्द जन्म देणाऱ्याचे नसत्यात, वाढवणाऱ्याचे असत्यात." त्या दिवशी वडिलांनी सरांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. हे इतकं शहाणपणाचं वाक्य सर पुढे स्वतःच विसरले, आणि सगळं रामायण तिथून झालं.

सरांच्या ज्ञानाने माणसं उठून जायची, हेही खरं. आमच्या क्लार्कच्या मुलीच्या लग्नात त्यांना माईकवर दोन शब्द बोलायला सांगितलं. दोन शब्द! कोकरे सरांना! त्यांनी एकच घेतला. "वधूच्या लावण्याबद्दल काय बोलावं," त्यांनी सुरुवात केली. वऱ्हाड खूश. "लावण्य हा शब्द लवणापासून आला. लवण म्हणजे मीठ. तेव्हा लावण्य म्हणजे मुळात खारटपणा." वराकडची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. "ही मुलगी अत्यंत खारट आहे, असं मी अभिमानानं सांगतो." वराचे मामा उठून जे चालायला लागले, ते बुंदी वाढेपर्यंत परत आले नाहीत. क्लार्कने पुढचं वर्षभर सरांचं कुठलंही बिल वेळेवर पुढे सरकवलं नाही. सरांना त्यात वावगं काही दिसलं नाही. खरं बोलल्यावर माणसं रागावतात, एवढंच ते म्हणाले.

आणि मग त्यांना भोवळ आली. तीही वर्गात, आणि तीही 'भोवळ' हाच शब्द फळ्यावर फोडून दाखवताना. "भोवरा, भोवती, भोवळ. म्हणजे स्वतःभोवती फिरणं," असं म्हणून सर स्वतःभोवती फिरले आणि आडवे झाले. मुलांना वाटलं, सर करून दाखवतायत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सर उठेनात तेव्हा कुठे एक मुलगी धावत मला बोलवायला आली.

मी त्यांना बारामतीला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. मग म्हणाले, "कोकरे सर, हे प्रेशर कागदावर लिहायची मलाच भीती वाटते. डोक्यातली एखादी शीर कधी फुटेल सांगता येत नाही. गोळ्या देतो, पण गोळ्यांच्या भरवशावर राहू नका. मीठ बंद. आजपासून अळणी खायचं."

इतकी वाईट बातमी ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सरांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला. "डॉक्टर, फार शुद्ध बोललात तुमी. अलवण. अ-लवण. त्याचं झालं अळणी. आजकाल लोक 'बिनमिठाचं' म्हणत्यात. एक शब्द असताना दोन कशाला जोडायचे?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी डोळ्यांनीच सांगितलं, की हे प्रेशरमुळे नाही, हे आधीपासूनच आहे.

आता आमच्या भागाबाहेरच्या वाचकासाठी एक गोष्ट सांगायला हवी. इंदापूर-बारामतीकडे भाजीत मीठ पडायचं राहिलं तर भाजी अळणी झाली म्हणतात, तसंच सगळीकडे म्हणतात. पण आमच्याकडे अळणी नावाचा एक पदार्थही आहे. मटण हळद, आलं-लसूण घालून शिजवतात, आणि त्यात तिखट-मसाला पडायच्या आधी वाटीभर पाणी आणि चार मऊ फोडी बाजूला काढतात. ते अळणी, बोलताना 'आ' लांबवून आळणी. लहान लेकरांना, म्हाताऱ्यांना, बाळंतिणीला देतात. त्यात तिखट नसतं, पण मीठ असतं. चांगलं सढळ असतं. नाव अळणी आणि आत मीठ, हा या प्रदेशाचा चमत्कार. त्यावर आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. आता कोकरे सरांचा जीव अडला होता.

घरी पोचलो तेव्हा नानी दारातच बसली होती. "काय म्हणला डाक्टर?"

"अळणी खायला सांगितलंय, नानी."

नानीचा चेहरा उजळला. तिने बारामतीच्या दिशेने हात जोडले. "लई गुणाचा डाक्टर. लेकरू अशक्त झालंय, हे बरूबर वळाकलं बग." आणि अंधार पडायच्या आत भिंतीपलीकडून मटण शिजल्याचा वास आला.

सरांनी तिला समजावलं नाही असं नाही. अ-लवण, लवण, लोणचं, सगळी कुळं सांगितली. ती वैतागली. "मला काय कळत न्हाय व्हय रं? मीठ नसलं की आळणी, हे शेंबड्या पोराला बी कळतं. पन ते काय खायाचं नाव हाय का? ते बाईच्या चुकीचं नाव हाय! चूक खा म्हणून कंचा डाक्टर सांगंल? का त्यो वैरी हाय तुजा? त्यानं आपलं आळणी सांगितलंय, वाटीतलं."

"नानी, मिठानं माझा जीव जाईल."

"मिठानं जीव येतो," नानी म्हणाली. "आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीम्होरं धरायचं, तर आदी त्याच्या अंगाला मीठ चोळावं लागतं. तवा ती चाटती. चाटली की पाजती, पाजलं की आपलं म्हणती. मिठाबिगर कोन कुनाला आपलं म्हणतंय? गप पी ते."

सरांनी वाटी तोंडाला लावली. वासामागून मीही त्यांच्या खोलीत येऊन भिंतीशी उभा होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. जगातल्या कुठल्याही माणसाशी एका अक्षरावरून भांडणारा हा माणूस तिच्यापुढे गप्प बसायचा. मला त्यांचा रागही आला आणि गलबलूनही आलं.

बातमी गल्लीभर झाली. सरांना मटण लिहून दिलंय म्हणे! शेजारचे दोघेजण पाठदुखीचं निमित्त काढून बारामतीला त्याच डॉक्टरांकडे जाऊन आले, आणि नुसती सुई टोचून घेऊन परतले. "वळकीशिवाय आळणी देत न्हाय त्यो," असं त्यातला एक मला खाजगीत म्हणाला.

सरांचं प्रेशर मात्र एसटीच्या वेळापत्रकाने चालायला लागलं. शनिवारी वहिनी यायच्या, मिठाची बरणी कुलपात घालायच्या आणि रविवारभर सगळं बिनमिठाचं रांधायच्या. सोमवारी प्रेशर खाली. मग वहिनी कऱ्हाटीला, किल्ली नानीकडे, आणि शुक्रवारपर्यंत प्रेशर पुन्हा टाकीवर. डॉक्टर चक्रावले. सोमवारचे कोकरे आणि शुक्रवारचे कोकरे हे दोन वेगळे पेशंट आहेत की काय, असं त्यांनी मला विचारलं.

नानीच्या हातून सुटका म्हणून सर दुपारी हायवेवरच्या 'हॉटेल पाहुणचार'मध्ये जेवायला लागले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. हॉटेलाचे मालक विष्णूआबा म्हणजे आवाजाने आणि पोटाने मोठा माणूस, आणि त्यांच्या दारावर पाटी होती: 'आमचेकडे स्पेशल आळणी मिळेल.' सरांनी आधी पाटीचा 'आ' पाहिला, मग मला घेऊन आत जाऊन हुकूम सोडला, "विष्णूआबा, अळणी द्या. पण खरं अळणी. शब्दाला जागून केलेलं."

आबांनी वाटी आणली. सरांनी चाखली. "ह्यात मीठ हाय."

"मंग? आळणी हाय सर ते, मीठ नगो व्हय?"

"अळणी म्हंजे अ-लवण. मीठ न्हाय तेच अळणी."

"कोण म्हणतं?" आबांनी खुर्ची ओढली. ट्रकवाले जेवता जेवता थांबले. "आळणी आलं आळ्यापासून. झाडाच्या आळ्यात पाणी कसं थांबतं, नितळ? तसं हे पातेल्यात थांबवलेलं पाणी. आळ्यातलं, आळणी. माझा बाप हितंच ह्या चुलीवर करायचा, त्याला कोण सांगायला आलं न्हवतं."

सरांच्या कपाळाची शीर फुगलेली मला दिसत होती. डॉक्टरांनी सांगितलेली शीर ती हीच काय, म्हणून मी घाबरलो. दोघांत जे जुंपलं ते विचारू नका. एक म्हणतोय लवण, दुसरा म्हणतोय आळं, आणि मधे वाटी निवतेय. शेवटी बाहेरच्या ट्रकांच्या रांगेतून भोंगे वाजायला लागले तेव्हा आबा उठले. तरीही सर रोज जायचे. रोज 'अळणी' मागायचे, रोज त्यांना आळणी मिळायचं, रोज ते चार घास कोरडी भाकरी खाऊन उठायचे आणि रात्री नानीच्या मिठाला बसायचे. आबांना सांगा ना सरळ 'बिनमिठाचं द्या' म्हणून, मी त्यांना विनवलं. ते म्हणाले, "आज हा शब्द सोडला, उद्या दुसरा. मग भाषेत ऱ्हाणार काय? फक्त बिन?"

पुढे एका सोमवारी सकाळी वहिनींनी गाडीत चढता चढता हात टेकले. "अहो, बिनमिठाचं म्हणायला तुमची जीभ झडते का? मला विधवा करून कुठला शब्द वाचवणार आहात?" वहिनी रडल्या. मी नको तिथे उभा होतो. त्या दिवशी सर दुपारी मला घेऊन 'पाहुणचार'ला गेले. आबा बाजाराला गेले होते. चुलीवर नवीन आचारी होता, उत्तरेकडून आलेला, मराठी नुकतंच कानावर पडायला लागलेला. सरांनी डोळे मिटले, लढाईत शस्त्र खाली ठेवावं तसं ते म्हणाले, "बिनमिठाचं द्या."

"बिना मीठा?" आचारी म्हणाला. "जी साब. मीठा तो हम डालते ही नहीं."

सर माझ्याकडे बघून हसले. इतकं सोपं होतं तर, असं ते हसणं होतं. आमटी आली, सरांनी पहिला घास घेतला आणि ठसकले. "ह्यात मीठ हाय!"

"नहीं साब, माँ कसम. शक्कर का एक दाना नहीं है."

मग सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, पण विचारलं काहीच नाही. उठले, हात धुतले आणि चालायला लागले. वाटेत मला म्हणाले, "रणपिसे, घात झाला. हे मला ठाऊक होतं, पण मी कुणाला सांगत न्हवतो. मिठाची आई साखरेच्या घरची हाय. मिष्ट. मीठ आन मिठाई एकाच आईची लेकरं. आपण ज्याला खारट म्हणतो, त्याचं नावच मुळात गोड हाय. आता मी कुणाला काय तोंडानं आईपाशी नेऊ?"

त्यानंतर सर 'पाहुणचार'च्या समोरूनही जाईनात. आबांना सगळं कळलं, आणि त्यांना ते लागलं. एवढा शिकलेला माणूस आपल्या दारातून उपाशी गेला, हे त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. मला बाजारात गाठून ते म्हणाले, "सरांना सांगा, मी आता रोज येगळं पातेलं ठिवतो, बिनमिठाचं. त्यांनी नुसतं आळणी म्हणायचं. मी त्यांचंच समजंन." निरोप मी दिला. सरांनी "हं" केलं. ते ऐकलं की नाही, देव जाणे.

आणि मग नानी तापली. ती त्यातून पुढे चांगली बरी झाली हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. पण तेव्हा घाबरवलं तिने. ताप उतरला तरी तोंडाची चव गेली होती. भात नको, पेज नको, दूध तोंडाजवळ नेलं की मान फिरवायची. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, काहीही मागेल ते द्या, पण पोटात जाऊ द्या. वहिनींच्या शाळेत परीक्षा चालू. सर तिच्या उशाशी बसून होते. संध्याकाळी तिने डोळे उघडले. "बिरू, वाईच आळणी आण की रं. आळणी प्यावं वाटतंय."

सरांनी उठून डबा घेतला. स्वयंपाकातलं त्यांना पाणी उकळण्यापलीकडे काही येत नव्हतं. मीही बरोबर निघालो. हायवेपर्यंत ते भराभर चालले. 'पाहुणचार'च्या पाटीखाली आल्यावर मात्र उभे राहिले, पाटीकडे बघत. मग आत गेले आणि गल्ल्यावरच्या आबांपुढे डबा ठेवून म्हणाले, "विष्णूआबा, आळणी द्या."

तो 'आ' मी स्वच्छ ऐकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरांच्या तोंडून तो आला होता. ज्या शब्दासाठी शीर फुटायची वेळ आली, तो त्यांनी नानीच्या वाटीसाठी तसाच, चुकीच्या आईसकट, हॉटेलच्या गल्ल्यावर सोडून दिला. आबांना तर भरून आलं. काही न विचारता ते स्वतः आत गेले, स्वतः पातेल्यातून डबा भरला आणि दोन्ही हातांनी सरांना दिला. "सर, तुमचं आळणी," ते म्हणाले. सरांनी मान हलवली. दोघांनीही एकमेकांपुढे माघार घेतली होती, आणि दोघांनाही ते कळलं नव्हतं. मलाही घरी जाईपर्यंत कळलं नाही.

सरांनी नानीला पाठीशी धरून बसवलं. वाटी ओठांशी नेली. नानीने एक घोट घेतला आणि तोंड कडू झाल्यागत वेडंवाकडं केलं. "आयाया! आळणी हाय की रं हे!"

सर थिजले. ज्यासाठी त्यांनी नानीला, आबांना, सगळ्या तालुक्याला शब्दाचं कूळ सांगितलं होतं, तो अर्थ आज नानीच्या तोंडून अचूक बाहेर पडला होता. आता हे उठून नाचतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "नानी, चुकलं. आबांनी माजं आळणी दिलं. थांब, मीठ आणतो."

ते उठायला लागले तसा नानीने त्यांचं मनगट धरलं. वाटी स्वतःच्या हातात घेतली, पुन्हा एक घोट घेतला, आणि या वेळी तोंड वाकडं न करता बराच वेळ तसाच तोंडात धरला.

"असलं खायाला सांगितलंय व्हय तुला डाक्टरनं?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

"आन मी रोज मीठ घालत बसले." नानीचे डोळे भरले. सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिने हात वर केला. "हे खाल्लंस तर ऱ्हाशील न्हवं तू?"

"ऱ्हाईन, नानी."

"मंग पी. माज्याम्होरं पी."

त्या उन्हाळ्यात माझी बदली बारामतीला झाली. पुढे सरांची भेट व्हायची, प्रेशर ताब्यात असायचं, पण मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचेच. नानीने डब्यातलं दोन वाट्यांत घातलं. सरांनी उठून बरणीतून चिमूट आणली आणि तिच्या वाटीत सोडली. "कंजूषपणा करू नगो," ती म्हणाली, तशी अजून एक सोडली. मग दोघंजण समोरासमोर बसून पीत राहिले. दोन्ही वाट्यांत एकच पदार्थ, एकाच नावाचा, आणि ते नाव दोन्हीकडे खरं. आपलं तिथे काही काम नाही म्हणून मी चपला घातल्या. दारातून निघताना मागून नानीचा आवाज आला.

"कसं लागतंय रं?"

मी वळून पाहिलं. सरांनी तो मीठ नसलेला घोट गिळला, वाटीत बघितलं, आणि चष्मा होता तिथेच राहू दिला.

"मस्त हाय, नानी," ते म्हणाले.